कडूबाच्या नव्या डिस्का

“बायकोचं माहेर घाटाखाली असावं आन् नवऱ्याच्या गाडीचा ब्रेक धड नसावा, याच्यासारखी फजिती नाय,” असं कडूबा एकदा देवगाव रंगारीच्या स्टँडवर चहा पिताना बोलला.

बोलून तो स्वतःच मोठ्यानं हसला. भोवतीचे ड्रायव्हर हसले. कडूबा बोलणार आणि लोक हसणार, हे गावात ठरलेलंच होतं. त्याच्या आधीची दोन भावंडं अंगावर पीत असतानाच गेली होती. म्हणून आईनं याचं नाव कडूबा ठेवलं. मृत्यूनं तोंडात घ्यावं आणि कडू लागलं म्हणून थुंकून द्यावं, एवढाच त्यामागचा हिशेब. पोर जगलं. जगलं आणि बोलायला लागलं, ते पुढं कधी थांबलंच नाही. माणसांशी बोलायचा, बैलांशी बोलायचा, आणि पिकअप घेतल्यापासून पिकअपशी बोलायचा. गाडी पांढरी होती. समोरच्या काचेवर वरच्या बाजूला लाल अक्षरांत ‘सरू’ असं लिहिलं होतं. बायकोचं नाव असं उघड्या रस्त्यावर लिहिणारा तो गावातला पहिलाच माणूस. त्यावरून सरूबाई बरेच दिवस त्याच्याशी धड बोलली नव्हती, पण पुसायलाही सांगितलं नव्हतं.

आता ते नाव काचेवर होतं आणि सरूबाई गाडीत बसत नव्हती.

झालं होतं ते दिवाळीनंतर. मागं अद्रकाच्या गोण्या, पुढं कडूबा आणि सरूबाई. अद्रक चाळीसगावला टाकायचं आणि सरूबाईला तिच्या माहेरी सोडायचं. कन्नडचा घाट उतरताना गाडी न्यूटल करायची, ही त्या रस्त्यावरच्या सगळ्या पिकअपवाल्यांची रीत. उतारावर गाडी आपोआप पळते, मग इंजिनाला काम देऊन डिझेल कशाला जाळा, असं प्रत्येक जण आपल्या आधीच्याकडून शिकलेला. गिअरमध्ये घाट उतरणाऱ्याला ते शिकाऊ म्हणायचे. कडूबानं गाडी न्यूटल केली आणि अद्रकाच्या भावाबद्दल बोलायला सुरुवात केली. घाट अर्धा उतरून झाला तेव्हा तो बोलता बोलता थांबला. पाय पॅडलवर होता आणि पॅडलखाली काहीच नव्हतं. ओल्या चिखलात पाय जावा तसा तो खाली गेला आणि तिथंच राहिला.

त्यानं गिअर कोंबला. इंजिन किंचाळलं. पुढच्या वळणाआधी त्यानं डावीकडची चाकं डोंगराच्या अंगाच्या नालीत घातली. पत्रा दगडाला घासत गेला आणि गाडी थांबली. जळक्या वासानं केबिन भरून गेली. उजवीकडं, रस्त्यापलीकडं, झाडांचे नुसते शेंडे दिसत होते.

“काय नाय झालं,” कडूबा हसून म्हणाला. “बघ. काय नाय झालं.”

सरूबाईनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. मग दार उघडलं, पिशवी काखेला मारली आणि उरलेला घाट पायी उतरायला लागली. चाकं निवल्यावर कडूबा तिच्या मागून बैलगाडीच्या चालीनं आला. खिडकीतून डोकं काढून हाका मारत राहिला. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

त्यानंतर ती माहेरी गेली ती एस्टीनं. का, ते तिनं सांगितलं नाही. आणि कडूबानं खानदेशचं भाडं घेणं सोडलं. कधी म्हणे टायर कच्चे आहेत, कधी म्हणे तिकडं भाव पडलेत. त्याचं बोलणं पहिल्यापेक्षा वाढलं. घाटाचं नाव निघालं की ते आणखी वाढायचं.

एवढ्यात सरूबाईच्या धाकट्या भावाचं, बन्सीचं, लग्न ठरलं. नवरी देवगावचीच निघाली, पण लग्न मुलाच्या दारी, घाटाखाली व्हायचं होतं. तिच्या बापानं घरी येऊन सांगितलं, “कडूबा, रुखवत तुमच्या गाडीत जाईल. नवरदेवाचे मेव्हणे तुम्ही, दुसऱ्या कुणाची गाडी सांगितली तर बरं दिसंल का?” कपाट, पलंग, शिलाई मशीन, भांडी. कडूबा हो म्हणून बसला.

स्टँडवर ही बातमी त्याच्याआधी पोचली होती. पुंजाराम नावाचा त्याचा जुना दोस्त, तोही पिकअपवालाच, बशीतला चहा फुरकत म्हणाला, “म्हंजे नवरीचं कपाट पुढं गाडीत मिरवत जाणार, आन् ड्रायव्हरची बायको मागून लाल डब्यात उभी राहून येणार!”

“गप ना लेका.”

“काचेवर लिव्हलंय सरू, आत बसलंय कपाट. नाव तरी बदल गड्या. ‘कपाट’ लिव्ह.”

कडूबाही हसला, पण चहा अर्धा ठेवून उठला. घरी सरूबाई गहू निवडत होती. त्यानं दारातूनच विचारलं, “बन्सीच्या लग्नाला गाडीत बसशीन ना?”

“एस्टी हाय की,” ती सुपातून नजर न काढता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शहराकडं निघाला. लग्नाच्या आत गाडीला ब्रेक टाकायचा, आणि तो साधा नाही, एक नंबरचा, हे त्यानं रात्रीतून ठरवलं होतं. निघाला तेव्हा तो पुरता हरखलेला होता. वेरूळ, खुलताबाद, दौलताबाद, सगळी गावं त्याला त्या दिवशी रस्त्याच्या कडेला येऊन उभी राहिल्यासारखी वाटली.

शहागंजातल्या एका अरुंद बोळात गयासभाईंचं स्पेअर पार्टचं दुकान होतं. साठीचा माणूस, चष्मा कायम कपाळावर, जीभ अर्धी मराठी अर्धी दखनी. भिंतीला खिळे मारून त्यावर डिस्का टांगलेल्या होत्या, मोठ्या घरच्या स्वयंपाकघरात तवे टांगतात तशा. बाहेरच्या गर्दीचा आवाज आत येताना त्या लोखंडावर आपटून मऊ होत होता.

“गयासभाई, ब्रेक पायजे.”

“सबको पायजे. गाडी कौनसी?”

कडूबानं गाडी सांगितली, साल सांगितलं, भरते किती तेही सांगितलं.

“कंपनीचंच देऊ?”

“नाय. कंपनीचं बायकोनं नापास केलंय.”

गयासभाईंनी चष्मा खाली ओढून त्याच्याकडं नीट पाहिलं. “भाभी मेकॅनिक है क्या?”

“मेकॅनिकच्या वर हाय. बोलत नाय, नुसती उतरून जाती.”

मग त्यानं घाटातली हकिगत सांगितली. सांगताना हातवारे केले, इंजिनाचा आवाज तोंडानं काढला, पॅडल कसं गेलं ते दुकानाच्या फरशीवर पाय दाबून दाखवलं. शेजारचा बेअरिंगवाला ऐकायला येऊन उभा राहिला. सगळं सांगून झाल्यावर त्याची नजर भिंतीवरच्या एका डिस्कवर गेली आणि तिथंच अडकली. चकचकीत, आणि अंगभर भोकं. जत्रेतल्या चक्रासारखी.

“ही!” कडूबा ओरडला. “हीच द्या. बघा कशी नटलीय!”

“नक्को,” गयासभाई म्हणाले. “ये शौक का माल है. रिकामी गाडी पळवनारे पोरं लावते. माल भरून घाट उतरला की या भोकापासून त्या भोकापर्यंत चीर जाती.”

“मग भोकं पाडलीच कशाला?”

“गर्मी निकलने कू. थोडी निकलती बी. पन तुझी गर्मी लई मोठी हाय. ती पोटात घ्यायला बीड पायजे, बीड, ओतीव लोखंड. जितकी भोकं, उतना बीड कम.”

कडूबानं त्या भोकांच्या डिस्ककडं एकदा शेवटचं पाहिलं. स्थळ मनात भरलं होतं आणि पत्रिका जुळली नाही, असा चेहरा झाला. पण गयासभाईंनी दुसरी डिस्क काढून त्याच्या हातात दिली आणि तो चेहरा तिथंच पुसला गेला. ही दिसायला साधी. वजनाला मात्र भक्कम. दोन तवे एकमेकांवर ठेवावेत आणि मधल्या फटीत वारं जायला कप्पे ठेवावेत, अशी घडण. वरच्या अंगावर मुद्दाम कोरलेल्या तिरक्या चिरा.

“माप कंपनीचंच,” गयासभाई सांगू लागले. “पन बीड चांगलं. मधून हवा खेळती. आणि या चिरा पॅडवरची जळकी पूड झाडून टाकत्यात.”

“वाजवून बघू?”

“काय?”

“आवाज बघतो. आमची सरू माठ घेताना पयला वाजवती.”

गयासभाईंनी डिस्क एका बोटात अडकवून धरली. कडूबानं पान्यानं हलकेच टोला दिला. लांब, स्वच्छ नाद उठला. बोळातनं बाहेर पडला, भाजीवाल्यांच्या ओरडण्यात शिरला आणि तरी काही वेळ वेगळा ऐकू येत राहिला. कडूबानं डोळे मिटले. मग दुसरी वाजवली. तीही तशीच बोलली. मग त्यानं हट्ट धरून आणखी दोन-चार खाली काढायला लावल्या. बेअरिंगवालाही एकीवर टिचकी मारून बघायला लागला. त्या काळोख्या दुकानात भर दुपारी देवळाच्या आवारासारखा नाद घुमत राहिला. गयासभाई कपाळाला हात लावून म्हणाले, “या अल्ला, ब्रेक लेने आया की बँड ठरवायला?”

“पयली जोडीच. तिचाच आवाज लांब जातो.”

“मैं भी वही बोल रा था.”

मग डिस्कला चिमटीत धरणाऱ्या पॅडची पाळी आली. गयासभाईंनी काउंटरवर तीन जोड मांडले. पहिलं मऊ, आवाज न करणारं, पण तापलं की ढिलं पडणारं. दुसरं सिरॅमिकचं. चाक काळं होत नाही म्हणून शहरातल्या मोटारवाल्यांच्या आवडीचं, भरलेल्या गाडीसाठी नाही. तिसरं धातूची पूड मिसळलेलं. सकाळी गाडी थंड असताना जरा कुरकुरणारं, पण तापल्यावर घट्ट धरणारं.

कडूबा त्या तिसऱ्याकडं बोट करून इतका हसला की त्याला ठसका लागला. “हे आमच्या घरातलंच दिसतंय, गयासभाई! सकाळी कुरकुर, पर वक्ताला धरून ठेवणारं. हेच बांधा.”

ब्रेक ऑइलचा नवा डबाही गयासभाईंनी आपणहून वर ठेवला. जुनं ऑइल हवेतला ओलावा पितं, तापलं की उकळतं, आणि उकळलं की पायाखालून पॅडल जातं, एवढं त्यांनी बजावलं.

परत जाताना पडेगावला युसूफचं गॅरेज लागायचं. कडूबाची गाडी तोच बघायचा. खोकं बघून तो हात पुसत पुढं आला. “लाओ, आत्ताच फिट करतो.”

“उद्या. आधी घरी दाखवतो.”

“नवरी है क्या, कडूबाभाऊ?”

“तसंच समज.”

डिस्कांचं खोकं त्यानं आपल्या शेजारच्या सीटवर ठेवलं होतं, सरूबाईच्या जागेवर, आणि वरून पट्टा लावला होता. वेरूळला चहाला थांबला तेव्हा त्यानं ते खोकं उतरवून हॉटेलवाल्याला दाखवलं. एका अनोळखी ट्रॅक्टरवाल्यालाही दाखवलं. टाकळीला पंक्चरच्या दुकानात हवा भरायला थांबला, हवा बरोबर होती, तरी थांबला.

संध्याकाळी ओसरीवर सरूबाईपुढं त्यानं सगळं मांडलं. बीड म्हणजे काय, चिरा कशाला, वारं कुठून शिरतं. ती ऐकत होती. एक डिस्क तिनं दोन्ही हातांनी उचलून पाहिली.

“लई जड हाय,” ती म्हणाली, आणि आत गेली.

एवढंच. कडूबाला ते पुरलं नाही आणि कमीही वाटलं नाही.

सकाळी उठून तो ओसरीवर आला आणि जागीच थबकला. पाटावर दोन्ही डिस्का मांडल्या होत्या. त्यांना तेल-हळद लावली होती, नवरदेवाला लावतात तशी, बोटांनी हलकेच गोल फिरवून. वर कुंकवाचं बोट. बाजूला पॅडची जोडही तेल-हळदीनं माखून पिवळीधमक झाली होती. लग्नासाठी घरी दळलेली ताजी हळद होती, तिचा वास ओसरीभर होता. सरूबाई शेतात निघून गेली होती.

कडूबा पाटासमोर उकिडवा बसला. नव्या नांगराला, नव्या मोटारीला हळद लावतातच. पण ही सरूनं लावली होती, न सांगता, उजाडायच्या आत. जी बाई त्या गाडीच्या पायरीवर पाय ठेवत नव्हती तिनं. त्याला आनंदानं काय करावं ते कळेना. तो उठला, बसला, पुन्हा उठला. मग सगळं तसंच्या तसं, पाटासकट उचलून त्यानं गाडीत ठेवलं आणि सांडू नये अशा बेतानं पडेगावपर्यंत गाडी नेली.

युसूफनं पाट बघितला आणि दोन पावलं मागं सरकला.

“ये क्या, कडूबाभाऊ? ब्रेक की हल्दी?”

“सरूनं केलंय!”

“डिस्क ठीक है, थिनरनं पुसून टाकू. पन पॅड? पॅड तेल पिऊन बसले ना. आता हे दिव्यात वात म्हणून चालतील.”

“तसेच टाक.”

“पागल हुआ क्या?”

“पुसू नको आन् टाक. तुला माहीत नाय, युसूफ. किती महिन्यांनी तिनं या गाडीच्या वस्तूला हात लावलाय.”

“तेलाचा ब्रेक घेऊन घाट उतरनार? आन् भाभीला कुठं उतरवनार, सीधा दरीत?”

कडूबानं पाट जवळ ओढला. गॅरेजसमोरून ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकबरोबर पाटावरच्या कुंकवाची पूड किंचित हलत होती. त्याला वाटत होतं, ती हळद पुसली की रात्रीतून घरात आलेलं काहीतरी पुन्हा दाराबाहेर जाईल. युसूफ तिशीतला पोरगा, पण त्याला ते कळलं असावं. आवाज उतरवून तो म्हणाला, “भाभीनं हात लावला ना? ते काम झालं. आता लोखंडाचं काम लोखंडाला करू द्या.”

शेवटी डिस्का कडूबानं स्वतः पुसल्या. कुणाला हात लावू दिला नाही. मग युसूफच्या मोटारसायकलवर बसून दोघं शहागंजात गेले. कालचं गिऱ्हाईक पुन्हा पॅड मागतंय आणि कारण काय, तर हळद लागली, हे ऐकून गयासभाई हसत हसत दुकानाच्या पायरीवरच बसले. नवी जोड देताना म्हणाले, “भाभीला सांग, आता हिच्यावर अत्तर नको लावू.”

“तिला काय सांगायचं नाय,” कडूबा म्हणाला. “तिला वाटू द्या, हळद लागलेलेच बसले.”

दुपारी गाडी जॅकवर चढली. जुन्या डिस्का निघाल्या तेव्हा युसूफनं त्या उजेडात धरल्या. निळ्या-जांभळ्या डागांनी भरलेल्या होत्या, मार बसलेल्या अंगासारख्या.

“न्यूटलमध्ये उतरतोस ना घाट?”

“सगळेच उतरत्यात.”

“ब्रेक मी बदलतो. पाय कोण बदलनार?” युसूफ गाडीखालून म्हणाला. “ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतर. ब्रेकला नुसता हात धरायला ठेव. सगळं ओझं त्याच्या डोक्यावर नक्को देऊ.”

कडूबाचं बोट त्या निळ्या डागांवरून बराच वेळ फिरत राहिलं.

नवे पॅड डिस्कवर बसवायचे, एकमेकांची ओळख करून द्यायची, म्हणून युसूफ त्याला मोकळ्या रस्त्यावर घेऊन गेला. वेग घ्यायचा, दाबून कमी करायचा, पण पुरतं थांबायचं नाही, पुन्हा वेग घ्यायचा. पहिल्यांदा पॅड कुरकुरले. दुसऱ्यांदा कमी. मग एकदा कडूबानं पाय दिला आणि गाडी अशी धरली गेली की मागच्या हौद्यातला जॅक आणि पाने घसरत येऊन केबिनच्या पाठीवर धाडकन आदळले.

“अर्रर्र! बघितलं का?” कडूबा ओरडला. “बघितलं का कशी धरली?”

“बघितलं. माझे पाने पन बघितले.”

“परत एकदा!”

“बास झालं, आता निवू द्या.”

“एकदाच, युसूफ, तुझ्या पाया पडतो, एकदाच!”

त्यानं पुन्हा वेग घेतला. बाजूची शेतं मागं धावली. लोखंडाचा गरम, कोरा वास आत आला आणि पायाखाली, जिथं त्या दिवशी काहीच नव्हतं, तिथं आता काहीतरी होतं. टणक, जिवंत, पायाला उत्तर देणारं. कडूबाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तो हसत होता.

लग्नाला थोडे दिवस उरले असताना त्यानं मक्याचं भाडं घेतलं आणि घाटावर गेला. मागून पुंजारामचीही गाडी होती. घाटाच्या तोंडाशी, जिथं रस्ता एकदम खाली वाकतो, तिथं कडूबाची मूठ गिअरच्या दांड्यावर गेली आणि सवयीनं न्यूटलकडं ओढली गेली. मग थांबली. खाली खानदेशची सपाटी धुरकट पसरलेली होती. झाडांचे तेच शेंडे दिसत होते. त्याचा उजवा पाय गुडघ्यापासून थरथरायला लागला. नव्या डिस्का, चिरा, वारं, बीड, सगळं त्याला तोंडपाठ होतं. त्यातलं एकही पायाला ऐकू जात नव्हतं.

त्यानं दुसरा गिअर टाकला. इंजिन गुरगुरलं आणि गाडीला मागून कुणीतरी घट्ट धरून ठेवावं तशी ती उतरू लागली. वळण आलं. कडूबानं पाय नुसता टेकवला, गाडी नमली. पुढचं वळण आलं, पुन्हा टेकवला, पुन्हा नमली. नालीतल्या ज्या दगडाला पत्रा घासला होता तो दगड डाव्या हाताला आला आणि मागं गेला. पायाचं थरथरणं गेलं नाही, पण गाडी त्याच्यासकट खाली येत राहिली. मागून पुंजाराम सारखा हॉर्न देत होता. एका रुंद जागी बाजूला येऊन ओरडला, “अरे, वरात हाय का मयत? पळव की!”

“तू जा पुढं!”

“एवढा नवा ब्रेक टाकून बैलगाडीवाणी काय चाललास?”

पायथ्याला हॉटेलापाशी दोन्ही गाड्या थांबल्या. पुंजारामची चाकं धुरकटत होती. त्यानं खाली वाकून कडूबाच्या चाकाजवळ हात नेला, मग थेट रिमवर ठेवला.

“ही तर कोमट बी नाय धड. मग गड्या, सामान कशाला एवढं भारीतलं घातलं?”

“यालाच म्हणत्यात डिस्क!” कडूबा छाती काढून म्हणाला, आणि हॉटेलातल्या साऱ्या लोकांना त्यानं भोकांची डिस्क आणि चिरांची डिस्क यांतला फरक सांगायला घेतला. दुसऱ्या गिअरचं नाव काढलं नाही. पायाचं तर नाहीच.

लग्नाच्या दिवशी सकाळी हौद्यात रुखवत बांधून झालं. कपाट मधे, पलंग आडवा, शिलाई मशीन चादरीत गुंडाळलेली. नवरीकडच्या बाया दोऱ्या ओढून बघत होत्या. पुंजाराम मुद्दाम बघायला आला होता आणि रस्त्यापलीकडं ओट्यावर बसला होता. एस्टीची वेळ होत आली होती. सरूबाई घरात होती. नवी साडी नेसून, पिशवी भरून, मधल्या दारात उभी.

कडूबा आत आला आणि बोलायला लागला. “सरू, आता कायबी काळजी नाय. आसं बघ, दोन तव्यांच्या मधून वारं जातं, त्यामुळं कितीबी तापू दे. आन् पॅड तर आसे बसलेत की...”

“पुंजाराम भाऊजी सांगत व्हते, घाट तुम्ही लई हळू उतरले.”

“त्याला काय कळतंय! नवं सामान हाय, जरा जपून...”

“मी सामानाचं नाय इचारत.”

त्याचा हवेतला हात खाली आला.

“त्या दिवशी तुमचं तोंड पांढरं पडलं व्हतं,” सरूबाई म्हणाली. “मी शेजारी बसले व्हते, मला दिसत व्हतं. आन् तुम्ही हसून म्हणले, काय नाय झालं. माझ्याशी खोटं बोलून गाडी चालवणाऱ्या माणसाशेजारी मी कशी बसू? पुढल्या बारीला ब्रेक गेला तरी तुम्ही हसत बसताल आन् मला कळायचं नाय.”

बाहेर कुणीतरी हाक मारली, “एस्टी आली बरं का फाट्यावर!”

“भ्या वाटतं का तुम्हाला घाटाचं?” तिनं विचारलं.

कडूबानं तोंड उघडलं. काहीतरी गमतीचं ओठावर आलं होतं, ते त्याला जाणवलं. ते त्यानं गिळलं.

“वाटतं,” तो म्हणाला. “पाय कापतो. नवा ब्रेक टाकला तरी कापतो. म्हणून दुसऱ्यात उतरलो.”

सरूबाईनं श्वास सोडला. तिच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. बाहेर फाट्यावर एस्टीचा हॉर्न वाजला, एकदा, मग पुन्हा. ती जागची हलली नाही.

“मग तसंच दुसऱ्यात उतरा,” ती म्हणाली. “आन् ही पिशवी पुढं ठेवा, माझ्या पायाशी. मागं कपाटाखाली चेंगरंल, आत बन्सीचा फेटा हाय.”

कडूबानं तिच्या हातातून पिशवी घेतली. खुंटीवरची किल्ली काढली आणि एक शब्दही न बोलता उंबरा ओलांडून बाहेर गेला.